कोंडा, रिठा आणि थोडं शोधून बघणं



मार्गशीर्ष-पौषातली थंडी पडली की मंदिरातून बाहेर पडताना चपला शोधता शोधता माझ्याशी जे बोलणं होतं, ते बहुतेक वेळा कोंड्याचं असतं. "ताई, सुनेचं डोकं बघा हो, खांद्यावर नुसता भुसा." "नातीला लिंबू लावू का?" "कोरफड आपल्याला चालते का?" मी काही वैद्य नाही, बी.कॉम. झालेली गृहिणी आहे. पण चाळीस वर्षं घरातली डोकी धुतली आहेत आणि वाचायची आवड आहे, म्हणून या सगळ्यांचं उत्तर एकदाच सविस्तर लिहिते.

आपण धान्य शोधल्याशिवाय शिजवत नाही. डाळ ताटात पसरतो, उजेडात धरतो, मग पुढचं काम. डोक्याच्या बाबतीत मात्र कोणी शोधून बघत नाही. पांढरं दिसलं की कोंडा, आणि कोंडा म्हटला की हाताला लागेल तो पाला. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी उजेडात बसवून, भांग पाडून, नीट बघा.

आता आपल्या वाकडचंच घ्या. महापालिकेचं पवनेचं पाणी २०१९ पासून दिवसाआड येतं, आणि मोठ्या सोसायट्यांत उरलेली गरज टँकर आणि बोअर भागवतात. बोअरचं पाणी जड. त्यात कॅल्शियम असतं, ते साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट पांढरा साका होतो. बादलीच्या कडेला बसतो तोच साका केसांतही बसतो. सुकला की तो भुशासारखा दिसतो, फणीला राखाडी मेण लागल्यासारखं होतं. खाज मात्र नसते. हा कोंडा नव्हेच. आणि एक गंमत सांगते, 'शिकेकाई' असं नाव छापलेली वडी हाही शेवटी साबणच असतो, त्यामुळे तिनेही हेच होतं. खऱ्या शिकेकाईच्या किंवा रिठ्याच्या पाण्याचा असा साका धरत नाही, कारण त्यांचा फेस वेगळ्या द्रव्यामुळे, सॅपोनिनमुळे येतो. आमच्या मजल्यावरच्या एका ताईंच्या 'कोंड्या'ला एवढंच पुरलं. वडी बंद केली, शेवटचे दोन तांबे पिण्याच्या गाळलेल्या पाण्याचे घेतले, पंधरा दिवसांत डोकं स्वच्छ.

खरा कोंडा खाजतो. पापुद्रे सुटे असतात, पांढरे किंवा किंचित पिवळट, तेलकट. भुवयांत, नाकाच्या कडेला, कानामागेही कधीकधी लाली आणि पापुद्रा दिसतो. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये 'दारुणक' म्हणून याच्याशी जुळणारं वर्णन आहे, म्हणजे हे दुखणं काही शाम्पूच्या जाहिरातींनी आणलेलं नाही. १८७४ साली मालासे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने कोंड्याच्या पापुद्र्यांत एक सूक्ष्म बुरशी पाहिली, आणि तिला पुढे त्याच्यावरून मालासेझिया हे नाव मिळालं. ही बुरशी माझ्या डोक्यावर आहे, तुमच्या आहे, सगळ्यांच्या आहे. टाळूला जो नैसर्गिक तेलकटपणा सुटतो, त्यावर ती जगते. ते तेल फोडताना जी आम्लं उरतात ती काहींच्या कातडीला सोसत नाहीत, कातडी घाईघाईने पापुद्रे टाकते आणि खाज सुटते. २००७ मध्ये या बुरशीची जनुकं पूर्ण वाचली गेली तेव्हा कळलं की हिला स्वतःची चरबी तयारच करता येत नाही. दुसऱ्याच्या तेलावर संसार.

म्हणजे कोंडा हा अस्वच्छपणा नाही, आणि बहुतेक वेळा कोरडेपणाही नाही. इथेच आपली पिढी अडते. "डोकं कोरडं पडलंय, चपचपीत तेल थाप" हे आपण ऐकतच वाढलो. केसाला खोबरेल चांगलं, यात वाद नाही. मुंबईच्या मॅरिकोतल्या संशोधकांनी २००३ मध्ये खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना केली, त्यात केसातलं प्रथिन धुऊन जाणं खोबरेलानेच कमी झालं. (मॅरिको खोबरेलच विकते, हेही लक्षात ठेवू या. हिशोब वाचताना ताळेबंद कोणाचा ते आधी बघावं, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं.) पण तो अभ्यास केसाचा होता, टाळूचा नव्हे. ज्या टाळूवर आधीच तेलकट पापुद्रे आहेत तिथे रात्रभर तेल मुरवणं म्हणजे त्या बुरशीला आयतं ताट वाढणं. तेल लावायचंच तर केसांच्या लांबीला लावा, तासाभराने धुवून टाका. दिवाळीच्या पहाटे निर्वाण लाडू चढवायला जाण्याआधी अभ्यंग होतं, ते व्हायला हवंच, मीही करते. मात्र ते तेल त्याच सकाळी निघतं.

आता झाडपाल्याकडे येते.

आमच्या माहेरी, सांगलीकडे, परड्यात रिठ्याचं झाड होतं. आई रेशमी लुगडी आणि सोन्याचे दागिने रिठ्यातच धुवायची, आणि आमची डोकीही. अजूनही माझा भर त्याच तिघांवर आहे, रिठा, शिकेकाई आणि वाळलेला आवळा. पाच-सहा रिठे फोडून बिया काढून टाकायच्या, सालं तेवढी घ्यायची. त्यात शिकेकाईच्या मूठभर शेंगा मोडून, आवळकाठीचे दोन-तीन तुकडे. बाजारात लोक रात्री भिजत घाला म्हणून सांगतात. आमच्याकडे रात्रभर ओलं ठेवायची पद्धत नाही, म्हणून मी सकाळी उकळतं पाणीच ओतते, तासभर झाकते, मग दहा मिनिटं मंद उकळून दुहेरी कापडातून गाळते. कोमट असतानाच वापरायचं आणि उरलं तर ठेवायचं नाही. हे पाणी दुसऱ्या दिवशी आंबतं, वास येतो. आपली पाण्याची मर्यादा पाळली तर आंबलेलं पाणी डोक्यावर घालायची वेळच येत नाही. पुडीचंही तसंच. पिठाला पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात ही मर्यादा आपण पाळतो, आणि शिकेकाईची तयार पूड मात्र दोन-दोन वर्षं डब्यात पडून असते. पावसाळ्यात त्यात बारीक किडे होतात, मी डोळ्यांनी पाहिले आहेत. म्हणून शेंगा अख्ख्या आणाव्या, उन्हात वाळवून ठेवाव्या, लागेल तेव्हा शोधून घ्याव्या. काष्ठौषधी चिंचवडगावात मिळते, पुण्यात मंडई-तुळशीबागेच्या बाजूला तर मिळतेच.

धुताना डोळे घट्ट मिटा. रिठ्याने डोळे असे झोंबतात की तासभर लाल राहतात. लहान मुलांना म्हणून रिठा नको, नुसती शिकेकाई.

याने कोंडा 'मुळापासून' जाईल असं मी म्हणणार नाही. आठवड्यातून दोनदा टाळूवरचं साचलेलं तेल आणि पापुद्रे निघतात, बुरशीचं खाणं कमी होतं, खाज उतरते. थांबलात की काही आठवड्यांनी पुन्हा येतो. जो कोणी एका बाटलीत कायमचा बंदोबस्त विकतो त्याच्याकडे पाठ फिरवा, मग ती बाटली हिरव्या पानांच्या चित्राची असो किंवा पांढऱ्या डगल्याच्या.

कडुलिंबाचा पाला उकळून शेवटचं पाणी म्हणून घेणं चांगलं, खाज शमते. माझी एक सवय सांगते. माघ-फाल्गुनात कडुलिंब आपणहून पानं टाकतो. ती पडलेली स्वच्छ पानं वेचून वाळवते, वर्षभर पुरतात. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं तोडायचा प्रश्न उरत नाही. माका मात्र रस्त्याकडेचा, मुळा नदीच्या काठचा आणू नका. ओलीत तो छान माजतो, पण नदीत काय काय मिसळतं ते आपण रोज पुलावरून जाताना नाकाने ओळखतो.

लिंबाबद्दल जपून. टाळू खाजवून सोललेली असते, त्यावर लिंबू चोळलं की आग होते. आणि लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर काळे डाग, कधी फोडही येतात. पोरी सकाळी लिंबू चोळून दुचाकीवरून हिंजवडीला जातात आणि मग कपाळावर डाग कसले विचारतात.

खोबरेलात कापूर, हा तर घरोघरचा उपाय. कापराने थंड वाटतं, खाज विसरायला होते, तेवढंच. तान्ह्या बाळांच्या जवळपास कापराचं तेल ठेवू नका. पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. तीच गोष्ट गुंजेची आणि धोतऱ्याची. दोन्ही जुन्या ग्रंथांतल्या तेलांत आहेत, वैद्य शुद्धी करून वापरतात, पण दोन्ही विषारी. व्हिडिओ पाहून घरी गुंजा कुटायला बसू नये. झाडाचं आहे म्हणून निरुपद्रवी असतं असं नाही, एवढं तरी आपल्या आज्यांना ठाऊक होतं.

दही-बेसनाचा लेप कोणी सुचवला की माझ्या सासूबाई म्हणायच्या, "द्विदल आहे गं ते, डोक्याला तरी कशाला?" नियम खाण्याचा आहे हे त्यांनाही माहीत होतं. पण कच्चं दही आणि डाळीचं पीठ हातांनी कालवणंच त्यांना नको वाटे. मी आजही करत नाही, आणि अडलंही नाही.

मग येतात खरे कठीण प्रश्न. कांद्याचा रस आणि मध. गंमत अशी की ज्यांच्यावर प्रत्यक्ष रुग्णांवर अभ्यास झाले त्यांत हे दोन्ही आहेत. मधाचा २००१ मध्ये तीस रुग्णांवर झाला, त्यात पापुद्रे आणि खाज कमी झालेली दिसली. कांद्याच्या रसाचा २००२ मध्ये झाला, पण तो चाई पडून केस गेलेल्यांवर, कोंड्यावर नव्हे. तरी लोक कोंड्यासाठी कांदा चोळतात. आपल्याकडे मद्य, मांस, मधु यांचा त्याग अष्टमूलगुणातच आहे, तेव्हा मधाबद्दल माझ्यापुरता विचार करायचं कारण नाही. ज्याला पर्याय आहे त्याच्यासाठी पोळं कशाला मोडायचं? आणि पर्याय आहे. २००२ मध्येच ऑस्ट्रेलियात १२६ जणांवर टी-ट्री नावाच्या तिथल्या झाडाच्या तेलाचा शाम्पू तपासला. पाच टक्के तेल असलेल्या शाम्पूने चार आठवड्यांत कोंडा ४१ टक्क्यांनी उतरला, साध्या शाम्पूने ११ टक्क्यांनी. हे तेल निव्वळ लावायचं नसतं, कातडी भाजल्यासारखी होते. शाम्पूत मिसळलेलंच घ्यावं.

कोरफडीचं उत्तर घराघरात वेगळं आहे. श्वेतांबर परंपरेत बत्तीस अनंतकायांच्या यादीत कुंवार, म्हणजे कोरफड, येते, गुळवेलही येते. आपल्या दिगंबर घरांतही जे पान समभंग तुटतं, शिरा दिसत नाहीत, तोडलं तरी पुन्हा उगवतं, ते साधारण वनस्पती समजून टाळणाऱ्या आहेत. माझ्या जावा लावतात, मी लावत नाही, आणि आम्ही एका पंगतीला जेवतो. लावणाऱ्यांनी पान कापून आधी पिवळा चीक निथळू द्यावा, त्याने खाज वाढते.

आणखी एक प्रश्न एका तरुण सुनेने विचारला, तो मला फार आवडला. "काकू, कोंडा म्हणजे जिवंत बुरशी ना, मग औषध लावणं ही हिंसा नाही का?" आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. स्वयंपाक, झाडलोट, अंघोळ यांतली आरंभी हिंसा गृहस्थाला टळत नाही, ती विवेकाने कमीत कमी करायची असते. डोकं धुणं त्यातलंच. ज्यांना तेही सोडायचं आहे त्यांचा मार्ग मुनी आणि आर्यिका माताजी दाखवतात. दोन ते चार महिन्यांनी उपवास करून, हाताने केशलोंच. ना वस्तरा, ना तेल, ना उवांना घर. चातुर्मासात केशलोंच बघताना आपले डोळे भरून येतात आणि घरी येऊन आपण कोणता शाम्पू यावर वाद घालतो, हेही खरं. पण आपण ज्या पायरीवर आहोत त्या पायरीचं कर्तव्य करावं. घरातल्या मुलीचं डोकं खाजून रक्त येत असेल तर तिला बरं करणं हे कर्तव्यच.

आता ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते. आमच्या वन्सं इचलकरंजीला असतात. त्यांनी परवानगी दिली आहे म्हणून लिहिते. मंदिरात, लग्नात, घरातही त्यांचा पदर कायम डोक्यावर. बायका कौतुक करायच्या, केवढी मर्यादा! दशलक्षणात त्या आमच्याकडे आल्या होत्या. सकाळी अभिषेकाला जायची घाई, त्यांचा हात दुखत होता, म्हणून मी केस विंचरायला घेतले. त्या नको नको म्हणत होत्या. मानेवर केसांची रेघ संपते त्याच्याही खाली, आणि कानामागे, भिंतीचा चुना सुटावा तसे जाड चंदेरी पापुद्रे, खाली लालभडक कातडी. अकरा वर्षं त्याला त्या कोंडाच म्हणत होत्या. कडुलिंब झाला, लिंबू झालं, कोणा तेलवाल्याची महागडी बाटली झाली. डॉक्टरांकडे का नाही गेलात विचारलं, तर म्हणाल्या, "वहिनी, तेव्हा घरात मुलीचं जमवायचं चाललं होतं. लोकांनी काहीबाही नाव ठेवलं असतं तर?"

मी त्यांचे हात हातात घेतले. नखांवर अंगुस्तानाला असतात तशा बारीक टोचा होत्या, आणि उजव्या हाताची दोन बोटं सुजलेली. त्या म्हणाल्या संधिवात आहे, वयाचा. आठवड्याभरात त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी डोकं, नखं, कोपर आणि बोटं एकामागोमाग पाहिली आणि सांगितलं, सोरायसिस. शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा बिघडून कातडी भराभर वाढते. संसर्गजन्य नाही, महारोग नाही, अस्वच्छतेने झालेला नाही. आणि काही जणांत तो सांध्यांत उतरतो. वन्संच्या बोटांत तो उतरला होता.

औषधांनी डोकं पुष्कळ स्वच्छ झालं. एक बोट मात्र आता पूर्ण मिटत नाही. पोळी लाटताना ते ताठ उभं राहतं. डॉक्टर म्हणाले, सांध्याची झालेली झीज मागे येत नाही, पुढची थांबवू. कोणताही पाला त्या बोटासाठी काही करू शकला नसता. पण अकरा वर्षांत एकदा कोणी पदर बाजूला करून बघितलं असतं तर वेळेत कळलं असतं. त्यांची मुलगी आता संसारात आहे, तिलाही सगळं माहीत आहे. कोणी नाव ठेवलं नाही.

तेव्हा एवढं बघत चला. पापुद्रे जाड, चंदेरी आणि केसांच्या रेषेबाहेर आलेले असतील. नखं टोचल्यासारखी असतील, बोटं सकाळी आखडत असतील. मुलाच्या डोक्यावर गोल चकत्यांत केस तुटून गेले असतील, तर ते बहुधा गजकर्ण असतं, त्याला पोटातून औषध लागतं, वरून लावून भागत नाही. काळी मेंदी किंवा कलप लावल्यावर कपाळ, कान सुजून खाज आली असेल तर कलपाची ॲलर्जी, तो बंदच करायचा. पाणी, पू, वास असेल. यांपैकी काहीही दिसलं तर रिठा कपाटात ठेवून डॉक्टरांकडे जा.

साध्या कोंड्यालाही महिनाभर धुऊन फरक पडला नाही तर औषधी शाम्पू घ्यायला लाजू नका. डॉक्टर बहुतेकदा किटोकोनाझोलचा देतात, आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. आपल्या बायका तो लावतात आणि लगेच धुतात, मग म्हणतात गुण नाही. फेस टाळूवर तीन ते पाच मिनिटं राहू द्यायचा असतो. मी तेवढ्या वेळात णमोकार मंत्र म्हणते, घड्याळ लागत नाही. आणि एका वेळी एकच उपाय करा, दिनदर्शिकेवर तारीख लिहून. चार गोष्टी एकदम लावल्या तर जमा कशाची आणि नावे कशाची, काही कळत नाही.

उवांचं राहिलं. त्या तीन इंद्रियांचे जीव, तिथे प्रश्न वेगळा आणि शाळेतल्या नातवंडांमुळे रोजचा. त्यावर फणी, कापड आणि धीर यांचं एक वेगळंच लिहावं लागेल, चैत्रात लिहिते.

जय जिनेंद्र.